नव्या म्हणून विकलेल्या जुन्या हार्ड डिस्क: म्हापशातला आमचा अनुभव

म्हापशातल्या एका स्कॅनिंग सेंटरची संगणक व्यवस्था मी सांभाळते. सीटी आणि एमआरआयचे स्कॅन साठवणाऱ्या सर्व्हरवरची जागा संपत आली, म्हणून आम्ही एक नवा स्टोरेज बॉक्स आणि त्यासाठी 8 टीबीच्या सहा एंटरप्राइज हार्ड डिस्क घेतल्या. विक्रेता पणजीचा, हॉटेलांना आणि कारखान्यांना माल पुरवणारा. जीएसटीचं पक्कं बिल, सीलबंद पाकिटं, पाच वर्षांची वॉरंटी, सगळं रीतसर. भावही बाजारापेक्षा किंचितच कमी. हे मुद्दाम सांगते, कारण फार स्वस्त दिसलं की संशय घ्यायचा एवढी सावधगिरी इथे कामाला येत नाही. सहाही डिस्क वापरलेल्या होत्या.

ते कळलं ऐन पावसाळ्यात. एक डिस्क बंद पडली. आमचा बॉक्स रेड 6 (RAID 6) या साठवणीच्या पद्धतीवर चालतो, म्हणजे सहापैकी कुठल्याही दोन डिस्क गेल्या तरी डेटा शाबूत राहतो. बंद पडलेलीच्या जागी दुसरी लावली की उरलेल्या पाच डिस्क पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून तिच्यावर डेटा पुन्हा उभा करावा लागतो, यालाच रिबिल्ड म्हणतात. 8 टीबीची डिस्क असेल आणि सेंटरचं कामही चालू असेल, तर याला एक दिवसाहून जास्त वेळ सहज जातो, आणि त्या वेळात बाकीच्या डिस्कना क्षणाची उसंत नसते. सगळ्या डिस्क सारख्याच झिजलेल्या असल्या तर दुसरी जाण्याचा धोका नेमका तेव्हाच वाढतो. तसंच झालं. रिबिल्ड अर्ध्यावर असताना दुसरी डिस्क वाचताना चुका दाखवू लागली.

हा कुठल्या दुकानाचा हिशेब असता तर कागदांवरून पुन्हा मांडता आला असता. कॅन्सरच्या रुग्णाचा आजचा स्कॅन चार महिन्यांपूर्वीच्या स्कॅनशेजारी ठेवूनच डॉक्टरांना कळतं, गाठ वाढली की आटली. तो जुना स्कॅन गेला तर कितीही पैसे मोजून परत काढता येत नाही. आम्ही रिबिल्ड थांबवलं आणि आधी सगळे स्कॅन वेगळ्या डिस्कवर उतरवून घेतले. सुदैवाने ते पूर्ण उतरले.

विक्रेत्याला फोन केला. "ताई, गोव्याची खारी हवा, त्यात पावसात लाइट येते-जाते, डिस्क जाणारच. एक बदलून देतो, काळजी करू नका." हे कारण आपल्याकडे कुणालाही पटकन पटतं, म्हणूनच ते पुढे केलं जातं. पण त्याच खोलीत, त्याच एसीत, त्याच यूपीएसवर आमचा जुना बॉक्स कित्येक वर्षं विनातक्रार चालला आहे. हवा दोघांना एकच.

मग मी बंद पडलेली डिस्क काढून दिव्याखाली धरली. बाजूच्या स्क्रूच्या भोकांतले आटे घासून चकचकीत झाले होते. आमच्या बॉक्सच्या ट्रेला स्क्रू लागतच नाहीत, डिस्क नुसती चापात बसते. म्हणजे ही डिस्क आधी दुसऱ्या कुठल्या तरी ट्रेमध्ये स्क्रूने आवळलेली होती. जोडणीच्या सोनेरी पट्ट्यांवर ओरखड्यांच्या एकाहून जास्त रेघा होत्या. आम्ही ती एकदाच लावली होती.

सीरियल नंबर उत्पादक कंपनीच्या वॉरंटीच्या पानावर टाकून पाहिले. काही डिस्कची मुदत केव्हाच संपलेली. उरलेल्या डिस्क एका सर्व्हर बनवणाऱ्या कंपनीला घाऊक विकलेल्या, त्यामुळे त्यांच्यावर आम्हाला उत्पादकाची वॉरंटी मिळणारच नव्हती. बिलावरची पाच वर्षं ही निव्वळ विक्रेत्याची शाई होती.

डिस्क किती तास चालली हे तिच्यातल्याच स्मार्ट (SMART) नावाच्या नोंदीत दिसतं, आणि बहुतेक जण तेवढंच बघतात. आमच्या डिस्क आल्या तेव्हा तिथे शून्य होतं. पण ही नोंद पुसता येते. सीगेट कंपनीच्या डिस्कमध्ये फार्म (FARM) नावाची आणखी एक आतली नोंद असते, आणि स्मार्टमोनटूल्स या डिस्क तपासायच्या सॉफ्टवेअरच्या 7.4 पासूनच्या आवृत्तीत ती वाचता येते. ती उघडली तर तासांचा आकडा 26,000 च्या वर. वर्षाचे तास 8,760 होतात, म्हणजे अहोरात्र चालून जवळपास तीन वर्षं. यात डिस्क बनवणाऱ्या कंपनीचा दोष नाही, तिच्या नावावर कुणीतरी हात मारला आहे.

हा प्रकार फक्त आपल्याकडचा नाही. 2025 च्या जानेवारीत जर्मनीत अशाच डिस्क नव्या म्हणून विकल्या गेल्याचं उघड झालं. त्यातला बराच माल चिया या क्रिप्टो चलनासाठी चालवलेल्या डिस्कचा असावा, असा अंदाज पुढे आला. त्याच वर्षी मे महिन्यात मलेशियात क्वालालंपूरजवळ, जुन्या डिस्क नव्या भासवणाऱ्या एका गोदामावर छापा पडला. पुढे तर फार्मचे आकडे आणि लेबलंही बदललेला माल सापडू लागला. म्हणून एका नोंदीवर विसंबू नका. लेबलवरचा सीरियल नंबर, डिस्क स्वतः सांगते तो नंबर आणि बिलावरचा नंबर, तिन्ही एकच हवेत, आणि त्या नंबरची वॉरंटी उत्पादकाकडे चालू असलेली दिसायला हवी. हे सगळं डिस्कवर एकही फाइल चढवण्याआधी.

तक्रारीत आम्हाला एक मोठी अडचण आली, ती आधी माहीत असलेली बरी. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात व्यावसायिक कामासाठी माल घेणारा सर्वसाधारणपणे ग्राहक धरला जात नाही. स्वतःच्या पोटापाण्यासाठी छोटा धंदा करणाऱ्याला सूट आहे, पण आमच्यासारख्या सेंटरला ग्राहक आयोगाकडे दाद मागणं कठीण, असं वकिलांनी स्पष्ट सांगितलं. आम्ही कायदेशीर नोटीस पाठवली आणि भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 खाली फसवणुकीची लेखी तक्रार दिली. यात सगळी भिस्त कागदावर. आमच्या बिलावर "हार्ड डिस्क 8 टीबी, 6 नग" एवढंच लिहिलेलं. सीरियल नंबर नसल्यामुळे विक्रेता आता म्हणतो, या डिस्क मी दिलेल्याच नाहीत. आमच्या बाजूने उभं राहिलं ते डिलिव्हरीच्या दिवशी स्टोअरच्या मुलाने काढलेले फोटो. त्यात पाकिटांवरचे नंबर वाचता येतात.

आता आमच्या खरेदीच्या ऑर्डरवर तीन ओळी छापलेल्या असतात: प्रत्येक डिस्कचा सीरियल नंबर बिलावर हवा, उत्पादकाची वॉरंटी आमच्या नावे तपासता यायला हवी, आणि तपासणी होईपर्यंत निम्मी रक्कम राखून ठेवली जाईल. पणजीतल्या दोन विक्रेत्यांनी यावर कोटेशनच दिलं नाही. तिसऱ्याने त्याच भावात दिलं.

नोटीस गेल्यावर विक्रेत्याचा माणूस गोड बोलून दारात आला: सगळ्या डिस्क द्या, उद्या नव्या आणून देतो. कुणी असं म्हणालं तर देऊ नका. पुरावा त्या डिस्कमध्येच आहे. आमच्या सहाही डिस्क नंबर लिहून, सही-शिक्क्यासह पंचनाम्यात जमा आहेत.