'किंमत' लिहिलं, 'कमित' छापलं: मॅटप्लॉटलिब, नऊ महिन्यांच्या वापरानंतर

मार्चात पहिल्या पेट्या वाशीला गेल्या त्याच आठवड्यात मी सोसायटीच्या फळ्यावर दरांच्या आलेखाचा एक कागद लावला. थोरल्या काकांनी कपाळावरचा चष्मा खाली ओढला, कागदाला नाक लावलं आणि म्हणाले, "अरे, ह्यां काय लिवलंस? कमित? आमचो आंबो कमीत घालवतलंस काय?" मागचे चौघे खो खो हसले. उभ्या अक्षावर मी 'किंमत' लिहिलं होतं.

पायथन येणाऱ्याला मॅटप्लॉटलिब काय ते सांगायला नको; बाकीच्यांसाठी, पायथन या प्रोग्रामिंग भाषेत आलेख काढून देणारी ती लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच. मी सप्टेंबरात घेतली, कारण देवगडातल्या आमच्या चाळीसेक बागायतदारांच्या नऊ हंगामांच्या पट्ट्या (दलालाकडून येणारे विक्रीच्या हिशेबाचे कागद) माझ्याकडे टाइप करून पडल्या होत्या. दलाली, हमाली, भाडं वजा जाता हातात काय राहिलं, याचा प्रत्येकाला एक आलेख द्यायचा होता. एक्सेलात एकेक करत बसलो असतो तर आंबा संपून करवंदं आली असती. इथे एक लूप, दोन मिनिटं, चाळीस कागद. वर फुकट. अपस्माराच्या रुग्णांच्या मेंदूतले विद्युत्-संदेश बघायला सोयीचं काही हवं म्हणून जॉन हंटर नावाच्या मज्जाशास्त्रज्ञाने ही लिहायला घेतली आणि 2003 साली लोकांसाठी खुली केली. 2012 मध्ये तो गेला. त्याच्या कामावर मी आंब्याच्या पेट्या मोजतोय, तेव्हा तक्रार जरा सांभाळूनच करतो. पण करतो.

डिसेंबरपर्यंत सगळं इंग्रजीत होतं, म्हणून काही कळलं नाही. मराठी घातल्यावर आधी अक्षरांजागी नुसत्या चौकटी आल्या. सोबत येणाऱ्या डेजाव्हू सॅन्स या फॉन्टमध्ये देवनागरी नाही, हे ठाऊक होतं. 'मुक्त' नावाचा फॉन्ट घातला, चौकटींची अक्षरं झाली, मी खूश. लायब्ररीच्या 3.6 आवृत्तीपासून फॉन्टची यादी देता येते, एकात अक्षर नसेल तर ती पुढच्यातून उचलते. तेही छान चाललं.

आता वेलांटीचं. संगणकात 'किंमत' हे क, वेलांटी, अनुस्वार, म, त अशा क्रमाने साठवलेलं असतं. ऱ्हस्व वेलांटी उच्चारात अक्षरामागून येते, कागदावर मात्र अक्षराच्या आधी, डावीकडे बसते. ही अदलाबदल करायला, जोडाक्षरं जुळवायला मधे एक कारागीर लागतो. ब्राउझरकडे, लिबरऑफिसकडे तो आहे, हार्फबझ नावाचा. माझ्याकडच्या 3.10 आवृत्तीत नाही. ती फॉन्टमधून एकेक आकार उचलते आणि कोकण रेल्वेच्या रो-रोवर ट्रक चढवावेत तसे एकामागे एक उभे करते. वेलांटी क सोडून म च्या अंगावर जाते.

आणि सगळंच बिघडलं असतं तर बरं झालं असतं! 'हापूस', 'देवगड', 'पेटी', 'मे', 'जून' एकदम ठणठणीत. 'मार्च'चा रफार मात्र डोक्यावर न जाता र च्या पायाशी लोंबतो. 'एप्रिल'मध्ये प चा पाय मोडलेला आणि वेलांटी ल ला चिकटलेली. 'रत्नागिरी' तर वाचवत नाही. चाळीस कागद मी डोळ्यांखालून घातले होते, पण नजर पहिल्या 'हापूस'वर खूश होऊन पुढे सरकली. त्या दिवशी विचारलं असतं तर दोन तारे दिले असते, त्यातला एक हंटरसाठी.

तीन आठवडे मी पर्यायी शब्द शोधत होतो. 'किंमत'ऐवजी 'दर', 'एप्रिल'ऐवजी '4'. 'सिंधुदुर्ग'ला पर्याय कुठून आणू?

मग एक सेटिंग सापडली आणि मत बदललं. एसव्हीजी फाइल (ब्राउझरमध्ये उघडणारी, आकारांचं वर्णन साठवणारी चित्र-फाइल) बनवताना 'एसव्हीजी डॉट फॉन्टटाइप' याला 'नन' सांगायचं. मग लायब्ररी अक्षरांच्या रेषा न काढता मजकूर मजकूर म्हणूनच फाइलमध्ये ठेवते, आणि जुळवाजुळव ब्राउझर करतो. एक ओळ! 'किंमत' किंमत झाली. रात्री साडेअकराला आईला उठवून दाखवलं. ती म्हणाली, "बरोबरच तर लिहिलंय, त्यात काय?"

दुसऱ्या दिवशी झेरॉक्सवाल्याकडे उतरलो. त्याच्या मशीनवर 'मुक्त' फॉन्ट नव्हता, म्हणून सगळं 'मंगल' फॉन्टमध्ये निघालं आणि नावं एकमेकांवर चढली. फॉन्ट समोरच्याकडे हवा, ही या युक्तीची मेख. शेवटी एमपीएलकैरो घातलं. मॅटप्लॉटलिबला जोडायचं ते चित्र काढणारं वेगळं इंजिन, आणि राक्म ही अक्षरं जुळवणारी लायब्ररी सोबत दिली की अक्षरं थेट चित्रातच नीट बसतात. लिनक्सवर चढवायला संध्याकाळ गेली. तेव्हापासून तेच वापरतो.

रंगांचं एका ओळीत सांगतो: 2017 च्या 2.0 आवृत्तीपासून आपोआप येणारी व्हिरिडिस रंगपट्टी काळ्या-पांढऱ्या झेरॉक्समध्येही गडद-फिकं बरोबर दाखवते, त्यामुळे माझे रंगीत प्रिंटचे पैसे वाचले.

मधे मला खाज सुटली की मूळ लायब्ररीतच चाचणी, म्हणजे आलेख बरोबर निघतो का ते आपोआप तपासणारा छोटा प्रोग्राम, लिहावी. सगळा सोर्स उतरवला आणि बांधायला, म्हणजे त्यातून चालती लायब्ररी बनवायला, बसलो. बांधताना ती फ्रीटाइपची (अक्षरं रेखाटणारी लायब्ररी) 2.6.1 ही ठरावीक जुनी आवृत्ती नेटवरून आणत होती, म्हणजे सगळ्यांच्या मशीनवर अक्षरं सारखी उमटावीत. बाहेर वळवाचा पाऊस. दोनदा लाइट गेली, तिसऱ्यांदा नेट. नेटवाल्याला फोन केला तर म्हणे टॉवरला डिझेल नाही. चौथ्या वेळी बांधून झालं. चाचण्या हजारो, माझा लॅपटॉप चार जीबीचा. लावल्या आणि जेवायला गेलो.

चाचणीची पद्धत मला फार आवडली. आलेख काढायचा, जपून ठेवलेल्या मूळ चित्राशी पिक्सेलला पिक्सेल ताडायचा. फरक निघाला तर तिसरं चित्र मिळतं: काळीकुट्ट पाटी आणि त्यावर फरक दहापट उजळून दाखवलेला. पण पुढे नियम वाचला: चित्राच्या चाचणीत मजकूर शक्यतो काढून टाका, कारण अक्षरं जागोजाग थोडी वेगळी उमटतात. कारण पटतं. तरी ज्या एका गोष्टीसाठी मी इतका आटापिटा केला तीच आधी पुसायची! लॅपटॉप मिटला आणि आंबे उतरवायला गेलो.

मग माझ्या स्वतःच्या कागदांसाठी अशीच चित्रं ताडणारं पायटेस्ट-एमपीएल बसवलं. आठवडाभर सगळं हिरवं, म्हणजे पास, मी निवांत. नंतर कळलं की आदेशाच्या शेवटी 'डॅश डॅश एमपीएल' लिहिलं नाही तर ते आलेख नुसते काढतं, ताडतच नाही. ते जोडलं. पुन्हा हिरवं. संशय आला म्हणून मूळ चित्र उघडलं, तर त्यात ठसठशीत 'कमित'. मूळ चित्रं मी फेब्रुवारीतल्या जुन्या फोल्डरमधून, जुन्याच इंजिनाने बनवली होती. चाचणीची तारीखवार नोंद ठेवतो, त्यावरून मोजलं. चार दिवस मी 'कमित' बिघडू नये म्हणून पहारा देत होतो.

आता मूळ चित्र नव्याने बनवलं की आधी प्रिंट काढतो आणि काकांच्या हातात देतो. ते मोठ्याने वाचतात, बारा महिने आणि आठ गावं. परवा सगळं बरोबर वाचलं, कागद परत दिला आणि म्हणाले, "अक्षर बरां इला. पण दर गेल्या साली बरो होतो."

चार तारे.