काकांच्या छापखान्यात एक उकार सुधारला

नारायण पेठेतल्या छोट्या छापखान्यात आईच्या शिवणवर्गाच्या 25 व्या वर्षाच्या पत्रिका छापून घेतल्या. काम उत्तम.

मागे दुसरीकडे केलेल्या फ्लेक्सवर ‘वर्धापन दीन’ आलं होतं. ‘दिन’ म्हणजे दिवस, ‘दीन’ म्हणजे गरीब, केविलवाणा. इतक्या वर्षांच्या कष्टाला दीन म्हणायचं? आईला फार लागलं होतं ते.

इथल्या काकांनी भिंग लावून प्रूफ ओळीओळीने वाचलं. मी ‘सूताची’ लिहिलं होतं. त्यांनी पेन्सिलीने दीर्घ उकार खोडला. म्हणाले, “ताई, सूत एकटं असताना दीर्घ, विभक्ती लागली की ह्रस्व. सुताची, सुतावरून स्वर्ग.” मग स्वतःच खुलले. सुत म्हणजे मुलगा, त्याचंही ‘सुताचा’च होतं, धागा की लेक हे वाक्यच सांगणार! मला हे इतकं आवडलं की घरी येताच आईला सांगितलं.

कागद जाड, शाई पुसत नाही. वेळ मात्र हाताशी ठेवा, काका घाई करत नाहीत. लग्नपत्रिका असेल तर ‘मिलन’ त्यांनाच दाखवा. ‘मीलन’ म्हणजे मिटणं.