बंदरातला टग भारी की समुद्रातला?

सांगलीत ऊसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर दिसला की मला दुसऱ्या महायुद्धातले अमेरिकन टग, म्हणजे मोठी जहाजं ओढणाऱ्या-ढकलणाऱ्या छोट्या बोटी, आठवतात. त्यातला ‘होगा’ हा टग पर्ल हार्बर बंदरातला, जेमतेम १०० फुटी, रोजचं काम जहाजं धक्क्याला लावायचं, पण ७ डिसेंबर १९४१ ला जपानी हल्ल्यात त्यानं पेटलेल्या ॲरिझोना युद्धनौकेजवळून व्हेस्टल हे दुरुस्ती-जहाज ओढून काढलं, नेवाडा या युद्धनौकेला किनाऱ्याकडं ढकललं आणि मग आगी विझवत बसला.

दुसरा टग ‘पॉनी’, २०५ फुटी, डिझेल-इलेक्ट्रिक (डिझेल इंजिनानं वीज करून मोटर फिरवणारा), भर समुद्रातला. ऑक्टोबर १९४४ मध्ये टॉर्पेडो लागलेली ह्यूस्टन ही क्रूझर युद्धनौका ओढताना तिला अजून एक टॉर्पेडो बसला, तरी यानं दोर सोडला नाही, पॅसिफिकमधल्या उलिथी बेटांवरच्या तळाला नेलीच. ट्रॅक्टरची रिकाम्या रस्त्यावरसुद्धा झटका बसला की साखळी तुटते हो, तिथं तर लाटा आणि वर विमानं! माझं मत पॉनीला.