पुण्यात फ्लॅट: नवं बुकिंग की रिसेल?

वाकड, हिंजवडी, खराडी इथे आयटीमागोमाग टॉवर उठले, त्यामुळे बहुतेकांची पहिली धाव बुकिंगकडे. पैसे टप्प्याटप्प्याने जातात, पार्किंग-लिफ्ट नवी. पण ताबा मिळेपर्यंत घरभाडं आणि हप्ता दोन्ही चालू, शिवाय ५ टक्के जीएसटी (४५ लाखांपर्यंतच्या परवडणाऱ्या घराला १ टक्का). महारेराच्या (राज्यातल्या गृहप्रकल्पांवर देखरेख ठेवणारं प्राधिकरण) साइटवर प्रकल्पाची ताब्याची तारीख आणि मुदतवाढ दिसते. सॅम्पल फ्लॅटच्या झुंबरापेक्षा मी आधी ते बघेन.

रिसेलला जीएसटी नाही. कोथरूड-सहकारनगरात तर बांधकामाला मोकळी जागाच कुठे उरलीय! तिथे जुनी घरं किंवा रिडेव्हलपमेंट. घर डोळ्यांनी दिसतं, पाण्याचा टँकर येतो का हे वॉचमनच सांगतो. कागद मात्र नीट चाळावे लागतात: आधीचे सगळे करारनामे, सोसायटीची एनओसी आणि मुख्य म्हणजे कन्व्हेयन्स, म्हणजे जमीन-इमारत सोसायटीच्या नावावर झाल्याचा दस्त. जमीन अजून बिल्डरच्याच नावावर असेल तर पुढे रिडेव्हलपमेंटला तेच अडतं. इमारत फार जुनी असली की बँकही कर्जाला कुरकुरते.

मुद्रांक शुल्क दोन्हीकडे सारखंच. खरेदी बाईच्या नावावर असेल तर एक टक्का वाचतो.

पुण्यातच भाड्याने राहत असाल तर मी रिसेल म्हणेन. आई-वडिलांच्या घरात सोय असेल, तर बुकिंगची वाट बघणं परवडतं.