वायफाय बंद केलं तरी मतं वाढतच होती

गणपतीच्या सजावटीच्या एका खोट्या ऑनलाइन मतदान स्पर्धेत मी फसलो. किती गेले तो आकडा आधी सांगून टाकतो, कारण भेटेल तो तेच विचारतो. 251, मग 499, मग 1,999, पुन्हा 1,999 आणि शेवटी 15,300. एकूण 20,048 रुपये. बडोद्यात दांडिया बाजारातल्या एका पेढीवर मी 26 वर्षं हिशेब सांभाळतोय. रोजमेळ एका रुपयाने चुकला तरी मला झोप लागत नाही. आणि मीच हे पैसे स्वतःचा पिन टाकून, स्वतःच्या हाताने पाठवले. लाज वाटते. तरी लिहितोय, कारण दिवाळी तोंडावर आली आहे आणि किल्ल्यांच्या, कंदिलांच्या, रांगोळ्यांच्या 'मत द्या' लिंका पुन्हा फिरायला लागल्यात.

यंदा, 2025 साली, 27 ऑगस्टला गणपती बसले. माझा मुलगा नववीत आहे, त्याने मखर म्हणून न्याय मंदिर, म्हणजे बडोद्यातली जुनी कोर्टाची इमारत, केलं होतं. मिठाईच्या खोक्यांचा पुठ्ठा, कमानी ब्लेडने कापलेल्या, प्रत्येक खिडकीला आतून पिवळा पतंगाचा कागद आणि मागे एक बारीक दिवा. माझे आजोबा त्या इमारतीत कारकून होते. कोर्ट तिथून हललं, पण 1896 सालची ती वास्तू आमच्या घरात नातेवाइकासारखी आहे. मधल्या दालनातला चिमणाबाई राणीसाहेबांचा पुतळासुद्धा पोराने शाडूचा केला, बोटाएवढा. महिनाभर खपत होता बिचारा.

28 तारखेला सोसायटीच्या ग्रुपवर लिंक आली. घरगुती सजावट स्पर्धा, फोटो टाकायचा, पाहणाऱ्यांनी मतं द्यायची, ज्यांना जास्त मतं ते दहा फोटो पहिल्या पानावर. पहिलं बक्षीस 51,000. नोंदणी 251 रुपये. पुढचं तुम्हाला ठाऊकच आहे, असल्या गोष्टी आपण सगळ्यांनी ऐकल्या आहेत. मीही ऐकल्या होत्या. पण मला बक्षिसाची हाव नव्हती, हे कोणी मानो न मानो. मला त्या पोराचं न्याय मंदिर पहिल्या पानावर बघायचं होतं. बापाला एवढंही वाटू नये का?

मत द्यायला नाव, मोबाइल नंबर आणि फोनवर येणारा कोड लागायचा. मी नात्यागोत्यात सगळ्यांना लिंक पाठवली. इंदूरचे साडू, पुण्याच्या वहिनी, पेढीवरचे गुजराती मित्र, सगळे. आणि सवयीप्रमाणे जुन्या डायरीत प्रत्येकाचं नाव लिहून ठेवलं. फोन करून विचारायचो, 'दिलंत का मत?' हो म्हणाले की नावापुढे बरोबरची खूण.

30 ऑगस्टच्या रात्री डायरीत खुणा होत्या 63. पानावर आकडा होता 41.

इथेच. इथेच मला थांबायला हवं होतं. पेढीवर 22 रुपयांचा फरक आला असता तर मी सगळी बिलं पुन्हा काढली असती. इथे 22 माणसांची मतं गेली कुठे, हे मी विचारलंसुद्धा नाही. सर्व्हर स्लो असेल, उद्या दिसतील, असं मनाशी म्हणालो आणि डायरी मिटली. ती डायरी आजही समोर आहे आणि ते पान उघडवत नाही.

दुसऱ्या दिवशी पानावर नवं बटण आलं: 100 मतं 499 रुपयांत. घेतली. माझा आकडा झाला 141, पहिल्या नंबरवाल्याचा 178. 2 सप्टेंबरला 1,999 रुपयांत 500 मतं घेतली. मी 641, तो 678. 4 तारखेला पुन्हा तेवढीच. मी 1,141, तो 1,178. तिन्ही नोंदी माझ्याच अक्षरात आहेत. दर वेळी 37 चा फरक. तीन वेळा तोच आकडा लिहूनही मला कळलं नाही की समोर माणूस नाहीच. मी वाढलो की त्याला माझ्यापुढे 37 वर नेऊन ठेवायचं, एवढंच तिथे चाललं होतं.

6 सप्टेंबर, अनंत चतुर्दशी. आम्ही विसर्जनाच्या गर्दीत, ढोल चालू, मूर्ती मुलाच्या हातात. फोन आला की परीक्षकांचे गुण धरून पहिला क्रमांक तुमचा. बक्षीस 51,000, त्यावर 30 टक्के टीडीएस, म्हणजे 15,300 आधी भरा, तासाभरात भरा, नाहीतर नाव दुसऱ्याला जाईल. टक्केवारी बरोबर होती, म्हणून मी भुललो. मी स्वतः पेढीचा टीडीएस भरतो हो! बक्षिसावरच्या कराचं तेव्हाचं कलम 194B मला माहीत होतं. रोख बक्षिसावरचा कर देणारा कापून घेतो आणि उरलेले देतो. जिंकणाऱ्याकडून आधी मागतच नाहीत. हे मला एरवी झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगितलं असतं. त्या दिवशी ढोलांच्या आवाजात एका कानाला बोट लावून मी पिन टाकला.

7 तारखेला पुन्हा फोन, आता बक्षिसाच्या 'विम्या'चे 8,500. तेव्हा बायको म्हणाली, आधी भाच्याला बोलवा. तो कॉम्प्युटर शिकतोय. त्याने ते पान माझ्या फोनवर उघडलं, मग घरातलं वायफाय बंद केलं, मोबाइल डेटा बंद केला आणि म्हणाला, 'मामा, बघा.' पहिल्या नंबरवाल्याची मतं 1,240 होती. 1,241. 1,243. इंटरनेट बंद आणि मतं वाढताहेत! आम्ही चौघं त्या आकड्याकडे बघत बसलो होतो.

मग त्याने समजावलं. खऱ्या ठिकाणी प्रत्येक मत सर्व्हरवर नोंदलं जातं आणि आकडा तिथून पानावर येतो. इथे पानातच दोन ओळी लिहून आकडा चालता ठेवला होता. शिवाय खऱ्या ठिकाणीसुद्धा नुसती मतं मोजून भागत नाही. ब्राउझरमधली कुकी, म्हणजे मत दिल्याची फोनमध्ये राहणारी खूण, पुसून एकच माणूस दहा वेळा मत देऊ शकतो, म्हणून एका खात्याला एकच मत ठेवतात, एकाच ठिकाणाहून धडाधड आलेली मतं बाजूला काढतात आणि ताज्या मतांना जास्त वजन देतात, नाहीतर जुनंच वर चिकटून राहतं. एवढी काळजी घेणारा मतं विकायला कशाला काढेल? मत विकत मिळतंय असं दिसलं की त्या क्षणी पान बंद करा.

आता पुढचं ऐका, याचा संताप मला जास्त आहे. सोमवारी, 8 तारखेला बँकेत गेलो. दीड तास बसवून ठेवलं. उत्तर काय, तर व्यवहार तुम्हीच पिन टाकून केलाय, आमचा संबंध नाही. मी म्हटलं, निदान समोरच्या खात्याला कळवा, तक्रार नोंदवून क्रमांक द्या. साहेब जेवायला गेलेत. साहेब आले तर फॉर्म संपलेत. पोलीस ठाण्यात गेलो तर एक जण माझ्याकडे वरून खाली बघून म्हणाला, 'काका, लालचमां आव्या ने?' म्हणजे हाव नडली ना? या वयात, पोराच्या वयाच्या माणसाकडून ऐकून घेतलं. मग म्हणाले, पैसे गेले तेव्हा तुम्ही दुसऱ्या हद्दीत होतात, तिकडे जा. तिकडचे म्हणाले, ऑनलाइनचं सायबरवाल्यांकडे. तिथे सांगितलं, वीस हजारांसाठी एवढी घाई का करता, इथे लाखांच्या केसेस पडून आहेत. वीस हजार! ज्याला महिन्याचा किराणा भरायचा असतो त्याला विचारा वीस हजार म्हणजे किती. कोणत्याही ठाण्यात हद्द न बघता गुन्हा नोंदवता येतो, नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 मध्ये ते लिहिलंय, हे मला नंतर कळलं. तुम्ही कागदावर लिहून घेऊन जा आणि दाखवा. फसवणुकीचं कलमही आता 420 राहिलेलं नाही, न्याय संहितेचं 318 झालंय. जुनं कलम सांगितलं म्हणून माझा अर्ज परत लिहायला लावला.

चूक माझीही आहे. 1930 या सायबर फसवणुकीच्या मदत नंबरवर त्याच तासाला फोन करायला हवा होता. पैसे पुढच्या खात्यात जाण्याआधी अडवता येतात ते तेव्हाच. मी लाजेपायी दोन दिवस गप्प बसलो. बँक 30 दिवसांत नीट उत्तर देत नसेल तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते, त्याला पैसे लागत नाहीत. मी तेही करतोय.

आणि ज्याचं मला सर्वात जास्त वाईट वाटतं ते अजून सांगितलंच नाही. माझ्या आत्याने मत देताना सहा आकडी कोड टाकला, तो मताचा नव्हताच. तो तिच्या व्हॉट्सअ‍ॅपचा होता. दुसऱ्या दिवशी तिचं व्हॉट्सअ‍ॅप भलत्याच्या हातात. तिच्या नावाने सगळ्यांना 'अर्जंट पैसे पाठव' असे मेसेज गेले आणि मावसभावाने 5,000 पाठवले. 78 वर्षांची बाई, तीन दिवस रडत होती की लोकांना वाटेल मीच मागितले. लिंक मी पाठवली होती. ते 5,000 मी भावाला परत दिले, ते वरच्या बेरजेत धरलेले नाहीत. फोनवर आलेला कोड आधी वाचा, तो कशाचा आहे ते त्यातच लिहिलेलं असतं. आणि व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंगमध्ये टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा पिन आजच लावा, घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या फोनवर आधी.

मुलाने न्याय मंदिर मोडू दिलेलं नाही, कपाटावर ठेवलंय. परवा त्याने विचारलं, 'बाबा, माझी खरी मतं किती?' मी डायरी काढून ती 63 नावं त्याला वाचून दाखवली.

आता त्याच 63 जणांना एकेक करून फोन करतोय. कोड कुठे टाकलात, पिन लावलात का, कोणाचे पैसे गेले का. 44 झाले. 19 राहिलेत, आज रात्री करतो.