कोकोची फळे मोजून केलेल्या सौद्यात झालेली फसवणूक

कोकोची बाग उभ्या पिकावर घेणाऱ्यांनी, विशेषतः पहिल्यांदाच असा सौदा करणाऱ्यांनी, इसार देण्यापूर्वी हे वाचावे, म्हणून लिहितो आहे.

दलालाने वाटेलगतच्या 10 झाडांवरची फळे माझ्यासमोर एकेक करून मोजली, त्यांची सरासरी काढून तिला एकूण झाडांच्या संख्येने गुणले आणि किलोभर सुक्या बियांना साधारण 20 ते 25 फळे लागतात, या हिशेबाने उत्पन्नाचा आकडा कागदावर मांडला. गुणाकार बरोबर होता. त्या आकड्यावर विसंबून मी इसार दिला आणि करारावर सही केली.

खोट होती ती मोजलेल्या फळांच्या वयात. कोकोची फुले खोडावर आणि जाड फांद्यांवर हजारोंनी येतात व त्यांतील फार थोड्यांची फळे होतात, एवढे मला माहीत होते. पण धरलेले फळही टिकेलच असे नाही, हे माहीत नव्हते. फळ पिकायला 5 ते 6 महिने लागतात आणि त्यांतल्या पहिल्या तीनेक महिन्यांत झाड आपणहून बरीच कोवळी फळे सुकवून टाकते, कारण तेवढ्या सगळ्यांना पुरेल इतके अन्न त्याच्यापाशी नसते. त्यातच नवी पालवी फुटली की तीही त्या अन्नात वाटेकरी होते. पाहणीच्या दिवशी झाडांवर तांबूस, लोंबती कोवळी पाने होती. ती जोमाची खूण म्हणून मला कौतुकाने दाखवण्यात आली. खरे तर तेव्हाच मी सावध व्हायला हवे होते.

याला फळगळ म्हणावे, तर येथे फळ गळतही नाही. बोटभर फळ आधी निस्तेज पिवळे पडते, मग काळे होऊन आक्रसते आणि वाळलेल्या अवस्थेत कित्येक दिवस खोडालाच चिकटून राहते. त्यामुळे बागेत आधी किती फळे गेली आहेत, हे जाणकाराला झाडाकडे पाहूनच कळते. दलालालाही ते कळत होते. मोजलेल्या 10 झाडांच्या सालीवर देठ खुडल्याच्या ताज्या, ओलसर खुणा मी स्वतः पाहिल्या आणि निगा चांगली राखली आहे असे समजून पुढे गेलो. आतल्या ओळींतील झाडांवर काळी फळे तशीच लटकत होती; ती मला सही झाल्यानंतर दिसली.

मोजणीच्या वेळी ज्या झाडावर 61 फळे भरली होती, त्यावर दोन महिन्यांनी 17 उरली. मी दाद मागितली तेव्हा करारातील ‘नैसर्गिक घट खरेदीदाराची’ हे कलम माझ्यापुढे धरण्यात आले. इसार परत मिळाला नाही.

म्हणून फळांची नुसती संख्या स्वीकारू नका. वीतभर वाढलेली फळे आणि बोटाएवढी फळे वेगवेगळी मोजून घ्या, झाडे स्वतः निवडा आणि तीही बागेच्या आतल्या भागातली निवडा. कोवळ्या फळांच्या देठांना रंगीत दोरा बांधून चार-पाच आठवड्यांनी तीच फळे पुन्हा मोजा आणि भाव त्या दुसऱ्या मोजणीवर ठरवा. मी दोरा बांधण्याची परवानगी मागितली होती. देठ दुखावतील, असे सांगून दलालाने ती नाकारली होती.