घटनास्थळ किट: पट्टी-पाकिटं झकास, स्वॅबचा भरवसा नाही

★★★☆☆

फॉरेन्सिकच्या मुलांना खोटं घटनास्थळ मांडून पंचनाम्याचा सराव द्यायचा, हे माझं काम. त्यासाठी कॉलेजनं ऑनलाइन मागवलेल्या किटबद्दल लिहितेय.

पेटी ऐटबाज आहे, पण ऐट कोर्टात चालत नाही. म्हणून आधी मोजपट्टी काढली. फोटोत पुराव्याशेजारी ठेवायची ही एल आकाराची पट्टी छपाईतच चुकली, तर बुटाच्या ठशाचं मापही चुकणार. स्टीलच्या पट्टीला लावून पाहिली, बरोबर जुळली. कागदी पाकिटं जाड आणि मोठी आहेत. रक्ताळलेला कपडा ओला असताना प्लॅस्टिकमध्ये कोंबला की बुरशी धरतो, हे किट बनवणाऱ्याला ठाऊक दिसतंय. बोटांचे ठसे उठवायच्या काळ्या पावडरीत गुठळ्या नाहीत.

कुरकुर आहे ती स्वॅबबद्दल, म्हणजे रक्त-लाळेचा नमुना टिपायच्या कापसाच्या काडीबद्दल. वेष्टनावर नुसतं ‘निर्जंतुक’. अहो, जंतू मेले म्हणून डीएनए जात नाही! जर्मनीत हाइलब्रॉनला 2007 मध्ये एका महिला पोलिसाचा खून झाला. तिथे मिळालेला अनोळखी बाईचा डीएनए जर्मनी, ऑस्ट्रिया, फ्रान्समधल्या चाळीसेक घटनास्थळांवर निघाला. तीन लाख युरोंचं बक्षीस लागलं. 2009 मध्ये कळलं, तो डीएनए स्वॅब पुरवणाऱ्या कारखान्यातल्या कामगार बाईचा. स्वॅब निर्जंतुक होतेच की! 2016 चं आयएसओ 18385 हे मानक नेमकं अशी डीएनएची भेसळ टाळण्यासाठी आहे. विक्रेत्याकडे त्याचा दाखला मागितला, तर निर्जंतुकीकरणाचाच पुन्हा पाठवला. वर लॉट नंबर फक्त बाहेरच्या खोक्यावर. खोकं फेकलं की भेसळ आहे का म्हणून कोरा स्वॅब तपासून तरी कुठल्या लॉटशी जोडणार?

मुद्देमालाच्या पिशव्यांवर केस वाळवायचा ड्रायर फिरवला. सीलची पट्टी अलगद सुटली, परत चिकटली, छेडछाडीची खूण काही उमटली नाही. बचावाच्या वकिलाला आयतंच सापडेल. पंचांच्या सह्यांचं लेबल तोंडावर आडवं चिकटवलं तर थोडं निभावतं, पण मग या पिशवीचे जादा पैसे कशाला मोजायचे?

भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 176(3) प्रमाणे सात वर्षं किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत फॉरेन्सिक तज्ज्ञांनी घटनास्थळी जायचं आहे, त्यामुळे असे किट आता धडाधड विकले जातील. सरावाला हा खुशाल घ्या. खऱ्या गुन्ह्यासाठी घेत असाल तर स्वॅब आणि पिशव्या दुसरीकडून, दाखला हातात पडल्यावरच.